‘पवित्र आत्म्याने सांगितले’ असे घरातले कोणी म्हणते तेव्हा

तुमच्या पत्रातील प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे पुढचे उत्तर इतर वाचकांनाही समजेल. तुम्ही मूळच्या पुण्याच्या आणि गेली बारा वर्षे युटा राज्यात लीहाय येथे राहता. तुमच्या बावीस वर्षांच्या मुलीचे एका मॉर्मन, म्हणजे जोसेफ स्मिथने १८३० मध्ये अमेरिकेत स्थापलेल्या ख्रिस्ती पंथातल्या, तरुणावर प्रेम आहे. तो दोन वर्षांचे मिशन, म्हणजे धर्मप्रचाराचे काम, पूर्ण करून परतला आहे आणि उपास व प्रार्थना केल्यावर ‘हिच्याशीच लग्न कर’ असे उत्तर देवाकडून मिळाल्याचे त्याने तिला सांगितले आहे. त्यानंतर मुलीने ‘मॉर्मनचे पुस्तक’ हा त्या पंथाचा धर्मग्रंथ वाचला आणि तो खरा आहे का असे देवाला विचारले. तेव्हा तिला छातीत ऊब जाणवली, डोळ्यांतून पाणी वाहू लागले आणि मन शांत झाले. आता मिशनरींनी बाप्तिस्म्याची तारीख सुचवली आहे. तुम्ही लिहिता की ती खोटे बोलत नाही हे तुम्हाला दिसते. पण हे देवाचे बोलणे आहे असे कसे मानावे, आणि मानता येत नसेल तर तिच्याशी बोलावे कसे, हे तुम्हाला उमगत नाही.

मी युटा खोऱ्यात बावीस वर्षे कौटुंबिक समुपदेशनाचे काम करीत आहे. माझ्याकडे येणाऱ्यांत बहुतेक मॉर्मन असतात, काहींनी चर्च सोडलेले असते आणि पुष्कळ घरांत एक जोडीदार श्रद्धावान तर दुसरा साशंक असतो. मी स्वतः मॉर्मन नाही. आजारी शेजाऱ्याच्या दारात न बोलावता जेवण घेऊन उभ्या राहणाऱ्या या समाजाबद्दल मला मनापासून आदर आहे. तरीही माझे मत आडपडदा न ठेवता सांगते. तुमच्या मुलीला जे जाणवले ते खरोखर जाणवले. मात्र त्या जाणिवेवरून अमुक पुस्तक प्राचीन आहे, अमुक संस्था देवाने स्थापली आहे किंवा अमक्याशी लग्न करावे, असे निष्कर्ष निघत नाहीत. आणि ज्या रीतीने तिला हे निष्कर्ष काढायला शिकवले जात आहे, त्या रीतीत ‘नाही’ हे उत्तर येण्यासाठी वाटच ठेवलेली नाही, हा माझा मुख्य आक्षेप आहे.

मॉर्मन जीवनात ईश्वरी प्रेरणा ही संतांपुरती राखून ठेवलेली गोष्ट नसून ती रोजच्या व्यवहाराची भाषा आहे. कोणता अभ्यासक्रम निवडावा, घर कोठे घ्यावे, शेजारणीला आज फोन करावा का, या सर्व बाबतींत ‘मला प्रॉम्प्टिंग आले’, म्हणजे देवाकडून सूचना आली, असे लोक सहज म्हणतात. वॉर्डचा, म्हणजे स्थानिक मंडळीचा, बिशप हा पगारी पुरोहित नसतो. तो दिवसभर दंतवैद्य किंवा हिशेबनीस असतो, पण मुलांचा वर्ग कोणी घ्यावा, वाद्य कोणी वाजवावे हे तो प्रार्थना करून ठरवतो आणि ते काम ‘कॉलिंग’ म्हणून, म्हणजे देवाने सोपवलेले काम म्हणून, दिले जाते. साधारणपणे महिन्याच्या पहिल्या रविवारी उपास असतो आणि त्या दिवसाच्या सभेत ज्याला वाटेल तो पुढे जाऊन आपली ग्वाही देतो. या ग्वाहीत ‘माझा विश्वास आहे’ यापेक्षा ‘मला ठाऊक आहे’ हे शब्द अधिक ऐकू येतात. चार-पाच वर्षांची मुलेसुद्धा ध्वनिक्षेपकासमोर उभी राहून, आई कानात सांगेल त्याप्रमाणे, ‘हे चर्च खरे आहे हे मला ठाऊक आहे’ असे म्हणतात. त्या वयापासून ‘ठाऊक असणे’ या शब्दाचा अर्थ ज्याच्या मनात असा घडला आहे, तो तरुण जेव्हा देवाचे उत्तर मिळाल्याचे सांगतो तेव्हा तो बहुधा लबाडी करीत नसतो, हे तुम्ही आधी लक्षात घ्यावे.

या रीतीचे मूळ तीन वचनांत आहे. ‘मॉर्मनचे पुस्तक’ मार्च १८३० मध्ये न्यूयॉर्क राज्यातील पालमायरा येथे विक्रीला आले. त्याच्या शेवटच्या भागात, मोरोनीच्या दहाव्या अध्यायात, असे आश्वासन आहे की प्रामाणिक अंतःकरणाने, खऱ्या हेतूने आणि ख्रिस्तावर श्रद्धा ठेवून जो देवाला विचारील त्याला पवित्र आत्म्याच्या सामर्थ्याने सत्य कळेल. मिशनरींनी तुमच्या मुलीला दाखवलेले वचन बहुधा हेच असणार. उरलेली दोन वचने ‘डॉक्ट्रिन अँड कव्हनन्ट्स’ या ग्रंथातली, एप्रिल १८२९ मधली आणि ऑलिव्हर काउडरी याला उद्देशून सांगितलेली आहेत. हा जोसेफ स्मिथचा लेखनिक. ‘मॉर्मनचे पुस्तक’ आपण सोन्याच्या पत्र्यांवरून भाषांतरित केले असे स्मिथ सांगे, आणि काउडरीलाही त्या मजकुराचे भाषांतर करायचे होते. आठव्या प्रकरणात देव त्याला म्हणतो की मी तुझ्या मनात आणि हृदयात सांगेन. त्याने प्रयत्न केला, पण जमले नाही. मग नववे प्रकरण आले आणि त्यात कारण सांगितले गेले: तू नुसते मागितलेस, आधी स्वतः विचार केला नाहीस, आधी मनात अभ्यास कर, मग मला विचार, आणि ते बरोबर असेल तर तुझ्या उरात ऊब पेटेल, चूक असेल तर बुद्धी बधिर होऊन तो विचारच विसरला जाईल. आजच्या मॉर्मनांची सारी पारख या उबेवर आणि बधिरतेवर उभी आहे. मला मात्र या प्रसंगात दुसरीच गोष्ट अधिक बोलकी वाटते. आश्वासन आधी दिले गेले, ते फळले नाही, आणि फळण्याची अट नंतर सांगितली गेली. हा क्रम ध्यानात ठेवा. पुढे तो पुन्हा पुन्हा भेटेल.

आता त्या अनुभवाकडे वळते. सॉल्ट लेक सिटीतील युटा विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. मिशन करून आलेल्या एकोणीस श्रद्धाळू तरुण-तरुणींना त्यांनी मेंदूचे प्रतिमांकन करणाऱ्या यंत्रात झोपवले, प्रार्थना करायला, धर्मग्रंथ वाचायला आणि चर्चच्या ध्वनिचित्रफिती पाहायला सांगितले, आणि ‘आत्मा जाणवला’ की बटण दाबायला सांगितले. बटण दाबण्याच्या एक ते तीन सेकंद आधी मेंदूतील बक्षिसाच्या अनुभूतीशी निगडित भाग सक्रिय झाल्याचे दिसले. प्रेमात, आवडत्या संगीतात आणि जुगारातही हाच भाग सक्रिय होतो. या अभ्यासाचा आधार घेऊन ‘म्हणजे हा सगळा मेंदूचा खेळ’ असे मुलीला सांगू नका, कारण तसे त्यातून सिद्ध होत नाही. देव बोलत असेल तरी तो मेंदूतूनच जाणवेल, असे उत्तर कोणीही देईल आणि ते तर्काला धरूनच असेल. या अभ्यासाचा उपयोग एवढाच की ती ऊब ढोंग नव्हे हे त्यातून दिसते, आणि तीच ऊब अनेक निरनिराळ्या कारणांनी येऊ शकते हेही दिसते. प्रेमात असलेली बावीस वर्षांची मुलगी, तिच्यासाठी उपास करणारा तरुण, दर आठवड्याला हसतमुखाने घरी येणारे मिशनरी आणि शेवटी रात्रीच्या शांततेत केलेली प्रार्थना, एवढे सगळे एकत्र आल्यावर छाती भरून आली नसती तरच नवल.

माझा मुख्य आक्षेप इथे येतो. मोरोनीच्या वचनाप्रमाणे जिने विचारले आणि जिला ऊब जाणवली तिला उत्तर मिळाले. जिने विचारले आणि काहीच जाणवले नाही तिच्यासाठी मात्र ‘प्रामाणिक अंतःकरण’ आणि ‘खरा हेतू’ ही अट पुढे येते. आणखी वाच, आणखी प्रार्थना कर, काही पाप उरले आहे का पाहा, असे तिला सांगितले जाते. पुस्तक खरे नसावे म्हणून उत्तर आले नाही, हा निष्कर्ष मान्य उत्तरांच्या यादीतच नसतो. माझ्यासमोर बसून कितीतरी जण रडले आहेत, ज्यांनी वर्षानुवर्षे गुडघे टेकले आणि शांततेशिवाय काही अनुभवले नाही. त्यांनी पुस्तकावर शंका घेण्याआधी दहा वर्षे स्वतःवर शंका घेतली होती. चर्चच्या वरिष्ठ नेत्यांच्या प्रेषितमंडळातील बॉइड पॅकर यांनी १९८२ मध्ये एका भाषणात सांगितले की ग्वाही ही ती देण्यातच सापडते. त्यांना श्रद्धेचे पाऊल अभिप्रेत होते हे मी मान्य करते. परंतु एखादे वाक्य लोकांसमोर पुन्हा पुन्हा उच्चारल्याने ते मनात रुजते हे माझ्या व्यवसायातील प्रत्येकाला ठाऊक आहे, आणि म्हणूनच त्या रुजण्याला सत्याचा पुरावा मानता येत नाही.

महाराष्ट्रात आणि गोव्यात देवाला कौल लावण्याची रीत तुम्ही पाहिली असेल. मूर्तीवर लावलेले फूल किंवा कळी उजवीकडे पडली तर होकार, डावीकडे पडली तर नकार. त्यातून देव बोलतो असे मी म्हणत नाही. पण त्या रीतीत नकाराला जागा आहे, आणि विचारणारा माणूस नकार घेऊन घरी जाण्याची तयारी ठेवून आलेला असतो. तुमच्या मुलीने प्रार्थना करण्यापूर्वी ‘असे असे झाले तर हे खरे नाही असे मी समजेन’ असे काही ठरवले होते का, हे तिला विचारण्यासारखे आहे.

पारख एकच असूनही उत्तरे वेगळी येतात, ही दुसरी अडचण. २७ जून १८४४ रोजी इलिनॉय राज्यातील कार्थेजच्या तुरुंगात जमावाने जोसेफ स्मिथची हत्या केली आणि त्याचा वारस कोण हा प्रश्न उभा राहिला. ब्रिगहॅम यंग बहुसंख्य लोकांना घेऊन युटाकडे आला. जेम्स स्ट्रँगने आपल्या नियुक्तीचे स्मिथचे पत्र पुढे केले, १८४५ मध्ये विस्कॉन्सिनमध्ये जमिनीतून धातूचे पत्रे काढून दाखवले आणि त्याचे भाषांतरही केले. स्मिथचे सोन्याचे पत्रे पाहिल्याची साक्ष देणाऱ्या ‘मॉर्मनच्या पुस्तका’च्या तीन साक्षीदारांपैकी मार्टिन हॅरिस काही काळ त्याच्या बाजूला होता. १८६० मध्ये स्मिथच्या मुलाच्या नेतृत्वाखाली तिसरा गट पुनर्संघटित झाला. तो आज कम्युनिटी ऑफ क्राइस्ट या नावाने ओळखला जातो आणि १९८४ मध्ये त्याच्या अध्यक्षांना मिळालेल्या प्रकटीकरणानुसार, म्हणजे देवाकडून मिळालेल्या संदेशानुसार, त्यात स्त्रियांना पुरोहितपद (धर्मविधी करण्याचा अधिकार) खुले झाले. युटातील चर्चमध्ये ते आजही नाही. या सर्व गटांतील माणसे एकाच वचनाच्या आधारे गुडघे टेकून विचारीत होती आणि प्रत्येकाला आपल्याच गटाबद्दल ऊब जाणवत होती. एकाच काट्यावर ठेवलेली तीच वस्तू प्रत्येक घरात वेगळे वजन दाखवीत असेल, तर शंका काट्यावर घ्यावी लागते.

ही शंका बाहेरच्यांनी आणलेली आहे असे समजू नका. चर्चची स्थापना ६ एप्रिल १८३० रोजी झाली आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात हायरम पेज या सभासदाने आपल्याजवळच्या दगडातून प्रकटीकरणे मिळत असल्याचा दावा केला. काउडरीसारख्या प्रमुख माणसानेही ती मानली. तेव्हा स्मिथला नवे प्रकटीकरण मिळाले की सर्व चर्चसाठी आज्ञा फक्त त्यालाच मिळतील आणि पेजची प्रकटीकरणे सैतानाची होती. म्हणजे चर्च सहा महिन्यांचे असतानाच त्याला खोट्या प्रेरणेचा प्रश्न भेडसावला आणि तो सुटला तो अधिकाराने: प्रकटीकरण कोणाला मिळाले यावरून त्याचा खरेपणा ठरला, त्यात काय सांगितले होते यावरून नव्हे.

पण मग त्या अधिकारी माणसाचे प्रकटीकरण चुकले तर? त्याच १८३० च्या सुरुवातीला नेमके तसेच घडले होते. पुस्तकाच्या छपाईसाठी पैसे हवे होते, आणि पुस्तकाचे हक्क कॅनडातील किंग्स्टन येथे जाऊन विकावेत असे प्रकटीकरण स्मिथला मिळाले. काउडरी, हायरम पेज आणि सोबती हिवाळ्यात तेथे गेले आणि रिकाम्या हाताने परतले. डेव्हिड व्हिटमर या साक्षीदाराने १८८७ मध्ये, म्हणजे सत्तावन्न वर्षांनी, छापलेल्या पुस्तिकेत लिहिले की लोकांनी स्मिथला विचारले तेव्हा त्याने पुन्हा प्रार्थना केली आणि उत्तर आले: काही प्रकटीकरणे देवाची असतात, काही माणसाची आणि काही सैतानाची. व्हिटमर तोवर चर्चपासून दुरावला होता आणि गाव म्हणून त्याने टोरांटोचे नाव दिले, म्हणून ही कथा अनेक वर्षे विरोधकाची म्हणून बाजूला सारली गेली. २००९ मध्ये चर्चच्याच इतिहास विभागाने जुन्या हस्तलिखित वहीची प्रतिकृती प्रसिद्ध केली आणि मूळ प्रकटीकरण समोर आले. त्यात किंग्स्टन आहे, हक्क विकण्याची आज्ञा आहे, आणि लोकांनी आपली मने कठोर केली नाहीत तर, अशी अटही आहे. श्रद्धाळू अभ्यासक त्या अटीकडे बोट दाखवून म्हणतात की लोकांनी मने कठोर केली, म्हणून विक्री झाली नाही. अट मूळ मजकुरातच होती, नंतर घातलेली नव्हती, हे मान्य करायलाच हवे. परंतु यश आले तर देवाचे बोलणे खरे आणि अपयश आले तर लोक कठोर, असे असेल तर त्या बोलण्यातून भविष्याबद्दल काहीच कळत नाही. स्मिथने व्हिटमरच्या आठवणीप्रमाणे खरोखर ते उत्तर दिले असेल, तर मला ते त्याच्या तोंडचे सर्वांत प्रामाणिक वाक्य वाटते. त्याच्या अनुयायांना मात्र ते तीन प्रकार वेगळे ओळखण्याचे साधन कधी मिळाले नाही.

याहून फार मोठी किंमत ज्यांनी मोजली त्यांच्याबद्दल लिहिताना मला आजही अस्वस्थ वाटते. स्मिथच्या हयातीत काही कृष्णवर्णीय पुरुषांना पुरोहितपद मिळाले होते. एलायजा एबल यांना ते १८३६ मध्ये मिळाले. १८५२ मध्ये ब्रिगहॅम यंगने कृष्णवर्णीयांना पुरोहितपद देण्यावर बंदी असल्याचे जाहीर केले, आणि पुढे मंदिरातील विधीही त्यांना बंद राहिले. लाउरी नेल्सन या मॉर्मन समाजशास्त्रज्ञाने १९४७ मध्ये चर्चच्या सर्वोच्च नेत्यांना पत्र लिहून ही शिकवण मान्य करणे आपल्याला जड जाते असे कळवले. उत्तरात त्यांना सांगितले गेले की ही स्मिथच्या काळापासूनची शिकवण आहे आणि कोणत्याही नेत्याने तिच्यावर कधी शंका घेतलेली नाही. १९४९ च्या अधिकृत निवेदनात तर हे धोरण नसून प्रभूची प्रत्यक्ष आज्ञा आहे असे शब्द होते. मग जून १९७८ मध्ये ही बंदी प्रकटीकरणाने उठली, आणि डिसेंबर २०१३ मध्ये चर्चने आपल्या निबंधात, कृष्णवर्ण हे शापाचे किंवा देवाच्या नाराजीचे चिन्ह आहे अशी जी स्पष्टीकरणे पिढ्यान्‌पिढ्या दिली गेली, ती सर्व नाकारली. १९४७ मध्ये नेल्सन यांची सदसद्विवेकबुद्धी जे सांगत होती ते बरोबर होते आणि ज्यांना संदेष्टे, द्रष्टे आणि प्रकटकर्ते म्हणून हात वर करून मान्यता दिली जाते ते चुकले होते. त्यांच्या उरातली ऊब कमी होती असे मानायला मला काही आधार दिसत नाही. शंभर सव्वाशे वर्षे सर्वांना एकच शांत, मंद वाणी ऐकू येत होती आणि ती चुकीचे सांगत होती. अलीकडे हेच चक्र फार वेगाने फिरले. समलिंगी विवाहातील जोडप्यांच्या मुलांना बाप्तिस्मा देऊ नये असे धोरण नोव्हेंबर २०१५ मध्ये आले, जानेवारी २०१६ मध्ये ज्येष्ठ प्रेषित रसेल नेल्सन यांनी ते प्रकटीकरणाने मिळाल्याचे सांगितले, आणि ते स्वतः अध्यक्ष असताना एप्रिल २०१९ मध्ये ते मागे घेतले गेले, तेही प्रकटीकरणाचाच हवाला देऊन.

कधी कधी प्रेरणेची पारख कागदावर करता येते आणि तेव्हा तिचे काय होते हेही पाहावे. १८३५ मध्ये स्मिथने इजिप्तच्या ममींबरोबर आलेले पपायरस (प्राचीन कागदी लेख) विकत घेतले आणि त्यांतून बायबलमधील अब्राहामाचे लेखन भाषांतरित केल्याचे सांगितले. त्यांचे काही तुकडे न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने १९६७ मध्ये चर्चला परत दिले, आणि ते मृतांबरोबर पुरण्याच्या नेहमीच्या इजिप्शियन धर्मलेखांचे भाग आहेत हे अभ्यासकांनी वाचून दाखवले. उपलब्ध तुकड्यांवरील मजकूर अब्राहामाच्या ग्रंथाशी जुळत नाही, हे आता चर्चही मान्य करते. १९८० च्या दशकात मार्क हॉफमन या सभासदाने बनावट ऐतिहासिक कागदपत्रे चर्चच्या सर्वोच्च नेत्यांना विकली. पहिल्यापैकी एक कागद अध्यक्ष भिंगातून पाहत असल्याचे छायाचित्र प्रसिद्ध आहे. बिंग फुटण्याच्या भीतीने त्याने ऑक्टोबर १९८५ मध्ये बाँब ठेवून दोन जणांचा जीव घेतला. नंतर प्रेषित डॅलिन ओक्स यांनी सांगितले की धर्मसेवक विश्वासाच्या वातावरणात काम करतात आणि त्यामुळे काही फसवणारे त्यांच्या लक्षात येत नाहीत. माणूस म्हणून मला हे उत्तर पटते. पण मग समोरच्या माणसाचे अंतरंग ओळखण्याची विशेष देणगी या पदाला असते, असे त्याच वेळी म्हणता येत नाही.

चर्चची बाजू मी न्यायाने मांडली नाही तर तुमच्या मुलीचा मित्र तुम्हाला लगेच ती सांगेल. संदेष्टा चुकत नाही असे त्यांची शिकवण म्हणत नाही. संदेष्टा हा संदेष्टा म्हणून वागत असेल तेव्हाच संदेष्टा असतो, असे स्मिथ १८४३ मध्ये म्हणाला. ब्रिगहॅम यंगने १८६२ मध्ये भीती व्यक्त केली की लोक नेत्यांवर इतका विश्वास टाकतील की स्वतः देवाला विचारणारच नाहीत. ऑक्टोबर २०१३ मध्ये चर्चचे एक वरिष्ठ नेते डीटर उख्टडोर्फ यांनी चर्चच्या परिषदेत कबूल केले की नेत्यांच्या हातून चुका झाल्या आहेत. हे सर्व खरे आहे आणि त्याचे मोल मी कमी करीत नाही. पण नेता केव्हा प्रेरणेने बोलतो हे ओळखायचे कसे, या प्रश्नाला चर्चचे तेव्हाचे वरिष्ठ नेते जे. रूबेन क्लार्क यांनी १९५४ मध्ये दिलेले उत्तर असे होते की ऐकणाऱ्याला स्वतःला पवित्र आत्म्याची प्रेरणा असेल तरच ते कळते. उबेची खात्री उबेनेच करायची, असा हा फेरा आहे. शिवाय प्रत्यक्ष घरांत मी पाहते ते असे, की प्रार्थनेतून नेत्यांशी जुळणारे उत्तर आले की ती प्रेरणा ठरते आणि न जुळणारे आले की तो अहंकार किंवा सैतानाचा आवाज ठरतो.

आता त्या तरुणाच्या दाव्याकडे येते, कारण मला काळजी तिथे अधिक वाटते. स्वतःसाठी मिळालेली प्रेरणा आणि दुसऱ्याच्या आयुष्याबद्दल मिळालेली प्रेरणा या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. सुदैवाने याबाबत मॉर्मन परंपरेचाच स्पष्ट नियम तुमच्या हाताशी आहे. डॅलिन ओक्स यांनीच १९८१ मध्ये, प्रेषित होण्यापूर्वी युटाच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती असताना, ब्रिगहॅम यंग विद्यापीठात भाषण केले. त्यात त्यांनी, प्रकटीकरण मिळाल्याचे सांगून मुलीला लग्नासाठी गळ घालणाऱ्या तरुणांचे उदाहरण घेतले आणि सांगितले की ते खरे असेल तर त्या मुलीलाही स्वतंत्रपणे कळेल, तोपर्यंत तिच्यावर कोणतेही बंधन नाही. त्या मुलाची ही भाषा त्याच्याच धर्माच्या रीतीला धरून नाही. तो वाईट आहे असे मी म्हणत नाही. पुष्कळदा अशा तरुणाला आपली इच्छा आणि देवाची इच्छा यांतील शिवण कधी दाखवलेलीच नसते. पण ‘मला तू आवडतेस, माझ्याशी लग्न करशील का’ या प्रश्नाला मुलगी नाही म्हणू शकते, आणि ‘देवाने सांगितले आहे’ या वाक्याला नाही म्हणताना तिला देवालाच नाही म्हटल्यासारखे वाटते. हीच भाषा पैशांच्या व्यवहारात आली की काय होते हे युटाने पाहिले आहे: एकाच वॉर्डातील, एकाच विश्वासातील माणसांना गुंतवणुकीत फसवण्याचे प्रकार इतके वाढले की राज्याने २०१६ मध्ये आर्थिक गुन्हेगारांची सार्वजनिक नोंदवही सुरू केली. माझ्याकडे आलेल्या एका जोडप्याने आयुष्याची बचत ज्याच्या हाती दिली, त्याने त्यांच्यासोबत गुडघे टेकून प्रार्थना केली होती आणि तिघांनाही शांत वाटले होते.

मुलीशी बोलताना तिच्या अनुभवाला नाव ठेवू नका. ‘तुला भास झाला’ असे तुम्ही म्हणालात तर तिला निवड करावी लागेल, तुमच्यावर विश्वास ठेवावा की स्वतःच्या मनावर, आणि त्या वयात ती स्वतःचे मन निवडेल. तिने तेच निवडावे असे मलाही वाटते. त्याऐवजी तिला नेमके काय जाणवले ते शब्दांत सांगायला सांगा, आणि मध्ये न बोलता ऐका. तसेच आणखी कधी जाणवले होते का, हे विचारा: आजी गेली तेव्हा, आषाढात पुण्यात पालखी पाहिली तेव्हा, एखादे गाणे ऐकताना. तेव्हा त्या जाणिवेचा अर्थ तिने काय लावला होता आणि आता वेगळा का लावते आहे, हे तिचे तिला शोधू द्या. ‘मला शांत वाटले’ हे एक वाक्य आहे आणि ‘म्हणून हे पुस्तक प्राचीन अमेरिकेत लिहिले गेले’ हे दुसरे. दुसऱ्यासाठी इतिहास, भाषा आणि पुरातत्त्व यांच्याकडे जावे लागते, हे तिला समजेल, कारण इतर सर्व विषयांत ती तसेच करते. चर्चच्या संकेतस्थळावरील वंशभेदाबद्दलचा आणि अब्राहामाच्या ग्रंथाबद्दलचा निबंध तिने बाप्तिस्म्याआधी वाचावा असे सुचवा. ते चर्चनेच लिहिलेले असल्याने कोणी आक्षेप घेऊ शकणार नाही.

हा धर्म तुमच्या घराण्याला अगदीच परका, असे तुम्ही लिहिले आहे, म्हणून एक छोटी नोंद करते. ह्यू फिंडले हा मॉर्मन मिशनरी १८५२ मध्ये मुंबईत उतरला होता आणि पुढे पुण्यातही त्याने प्रचार केला. तेथे त्याला अनुयायी मोजकेच मिळाले. पुणेकरांनी हा संदेश ऐकला, प्रश्न विचारले आणि आपापले ठरवले. तुमच्या मुलीलाही तेवढाच वेळ मिळायला हवा. मिशनरींनी सुचवलेली तारीख ही केवळ सूचना असते, ती पुढे ढकलायचा पूर्ण हक्क तिला आहे, आणि सहा महिने थांबल्याने जे खरे आहे ते खोटे होत नाही. थांबण्याची गोष्ट काढल्यावर तो तरुण कसा वागतो, हे तिने पाहावे. तिला त्यातून त्याच्याबद्दल त्याच्या प्रार्थनेपेक्षा जास्त कळेल.

लग्नाबद्दल तुम्ही शेवटी विचारले आहे, त्याचे उत्तर असे. मंदिरातील विवाहविधीला सभासद नसलेल्या आईवडिलांना आत प्रवेश मिळत नाही, आणि नव्याने बाप्तिस्मा घेतलेल्या व्यक्तीला मंदिरातील त्या विधींसाठी निदान एक वर्ष थांबावे लागते. पूर्वी बाहेर नागरी विवाह केला तर अमेरिकेतील जोडप्यांना मंदिरविधीसाठी वर्षभर ताटकळावे लागे. मे २०१९ पासून तो नियम गेला आहे. त्यामुळे तिने पुढे हा मार्ग निवडलाच, तरी तुमच्या डोळ्यांदेखत, अक्षता टाकून होणारे लग्न आता नियमांत बसते, आणि तशी अट तुम्ही आजच, प्रेमाने पण स्पष्टपणे, दोघांसमोर ठेवावी. दरम्यान येत्या उपासाच्या रविवारी ती बोलावते आहे तर तिच्यासोबत सभेला जा, शेजारी बसा, आणि घरी परतल्यावर तुम्हाला काय जाणवले हे तिने विचारले तर जे जाणवले असेल ते तसेच सांगा, काहीच जाणवले नसेल तर तेही.